चार घरांचं पानिपत

टक्.

एवढासाच आवाज झाला, स्केचपेनचं टोपण बसल्याचा. पण त्या दुपारी घर इतकं शांत होतं की ओट्यापाशी उभ्या असलेल्या ठिपकीच्या आईला तो भांडं पडल्यासारखा ऐकू आला. आतल्या खोलीत ठिपकीचे बाबा पावाच्या कारखान्यातली रात्रपाळी करून येऊन झोपले होते. बाहेरच्या खोलीत दिवाणावर ठिपकी झोपली होती, निदान तसं ठरलं तरी होतं. सासूबाई वाचनालयात गेल्या होत्या. अशा वेळी या घरातला नळसुद्धा ठिबकायला बिचकत असे.

पातेलं हातात तसंच धरून तिनं दारातून डोकावून पाहिलं. ठिपकी डोळे घट्ट मिटून पडली होती. इतके घट्ट, की खरंच झोपलेलं माणूस कधी मिटत नाही. सोललेल्या गुडघ्यावरची पट्टी निम्मी सुटून लोंबत होती. परवा बालवाडीतल्या पळण्याच्या शर्यतीत ती आपटली होती, आणि तेव्हापासून ती पट्टी म्हणजे तिला मिळालेलं पदकच असल्यासारखी मिरवत होती.

"झोपलीस ना गं?"

"हो," ठिपकी म्हणाली.

आईला हसू आलं. पण तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं, ते उतरवते तोवर दाराची घंटा वाजली, आणि आता हिचे बाबा उठणार म्हणून ती तशीच धावली. दारात सासूबाई. एक पुस्तक काखेत, एक हातात, तिसरं पिशवीत. त्यांना आत घेता घेता तिला आठवलं की शब्दकोडं पाठवायची वेळ होऊन गेलीय. टेबलावर कागद पडलाच होता. आडव्याउभ्या रेघांची जाळी, मधून मधून शाईनं भरलेली काळी घरं, आणि वेगळ्या कागदावर भरलेलं उत्तर. तिनं घाईघाईनं जाळीचा फोटो काढला, वर्तमानपत्राच्या पुरवणी विभागाला पाठवून दिला आणि कपाळावरचा घाम पुसला.

काळ्या घरांच्या त्या गर्दीत एक काळं घर जास्त होतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

आता हे कोडं म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. ठिपकी जन्मायच्या आधी तिची आई त्याच वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला होती. ठिपकी झाली, ती इतकी इवलीशी की बाबा म्हणाले, हा तर नुसता ठिपका, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरी सुटली. त्यानंतर दिवसभर ती कुणाची ना कुणाची काहीतरी असायची. आई, सून, बायको, शेजारीण, औषधाच्या दुकानदाराची "ओ ताई". स्वतःची म्हणून ती फक्त दुपारच्या त्या चोरलेल्या तासाभरात उरायची, आणि त्या तासाभरात ती शब्द रचायची. मांडीवर पोर, पोरीच्या डोक्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. कधी पीठ मळताना एखादा पाच अक्षरी शब्द सुचायचा आणि अक्षरं मोजताना परातीच्या काठावर पिठाचीच बोटं उमटायची.

वर्तमानपत्राचं रविवारचं मोठं कोडं वर्षानुवर्षं मास्तर बनवत. मास्तर म्हणून सगळे ओळखत असले तरी ते कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. शब्द मात्र असे हजेरीला उभे करत की भल्याभल्यांना घाम फुटावा. आता त्यांचा हात कापायला लागला होता, रेघ सरळ येत नव्हती. त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं, तर त्यांनी तिचं नाव सुचवलं, आणि वर अटही घातली. कचेरीतल्या चहाच्या यंत्रापाशी उभं राहून, कागदी पेला तिच्या नाकासमोर नाचवत ते म्हणाले होते,

"तीन रविवार तुझे. जमलं तर पुढचे सगळे तुझे. पण एक शब्द मला दिसता कामा नये. पानिपत."

"का हो, मास्तर?"

"का म्हणजे? कोपऱ्यात अडकलेला कोडेकार हटकून तिथंच जाऊन पडतो. पा, नि, प, त. चारही अक्षरं गरीब गाईसारखी. एक जोडाक्षर नाही, कसली कटकट नाही, कुठंही बांधा, उभी राहतात. आणि सूत्र काय देतात? दारुण पराभव! वाचणाऱ्याच्या मेंदूतली एक नस तरी हलते का? जांभई देत देत भरतो माणूस. एवढी मोठी लढाई, आणि आपण तिची फट बुजवायची चिंधी केलीय. तुझ्या कोड्यात तो शब्द आला की तुझंही तेच झालं असं समज."

दोन रविवार झोकात पार पडले होते. हा तिसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीच्या केसांत फणी अडकलेली असताना फोन वाजला. पुरवणीची पानं लावणारे मांडणीदादा होते. आवाजात केवढा अभिमान!

"ताई, काम फत्ते! तुमची एक छोटीशी चूक होती, मी निस्तरली."

"कसली चूक, दादा?"

"अहो, उजवीकडं वरती एक घर तुम्ही काळं केलंत आणि त्याच्या समोरचं जोडीदार घर विसरलात. डावीकडं खाली. जाळी दोन्ही अंगांनी सारखी हवी, एवढं आम्हालाही कळतं म्हटलं. मी केलं ते काळं. आकडे नव्यानं घातले. झक्क दिसतंय!"

फणी तिच्या हातून गळून पडली. ठिपकीनं ती हळूच उचलली आणि पाठीमागे लपवली.

"दादा, वरती उजवीकडं कुठलं घर?"

त्यांनी सांगितलं. तिनं टेबलावरचा मूळ कागद ओढला. होतंच तिथं. बाकीची काळी घरं शाईची, हे एक मात्र गडद निळ्या स्केचपेनचं, काठाबाहेर जराही न गेलेलं. इतकं मन लावून ठिपकीनं आजवर चित्रातलं फूलसुद्धा रंगवलं नव्हतं.

"दादा, ते घर पांढरं होतं."

पलीकडं चहाचा घोट घशात अडकल्याचा आवाज झाला. मग मांडणीदादा हळूच म्हणाले, "पण ताई... रंगीत पान छापून झालंय."

ही त्या पुरवणीची जुनीच रीत होती. बाहेरचं रंगीत पान आधी छापून ठेवत, कोड्याची जाळी त्यावर असे. आतलं काळंपांढरं पान मागाहून लागे, कोड्याची सूत्रं त्या पानावर. म्हणजे आता जाळी काही केल्या बदलणार नव्हती, बदलायचे तर शब्द बदलायचे. एक घर पोरीनं काळं केलं होतं, एक मांडणीदादांच्या चोखपणानं, आणि या दोघांमध्ये तिच्या शब्दांची पार मोडतोड झाली होती.

"आतलं पान कधी लागतं?"

"संध्याकाळी. ताई, मी काय म्हणतो, नेहमीचं एखादं जुनं कोडं टाकू का सूत्रांच्या जागी?"

"त्याला जाळी जुनी लागेल, दादा."

"हां. तेही खरंच."

फोन ठेवून ती मटकन खुर्चीत बसली. तिला रागवायचं होतं. तोंड उघडलंही तिनं. पण समोर ठिपकी उभी होती, अर्धे केस विंचरलेले, अर्धे उभे, आणि खालचा ओठ थरथरायच्या बेतात.

"मी तुला मदत केली," ठिपकी म्हणाली. "एक घर राहिलं होतं काळं करायचं."

आईनं तिला जवळ ओढलं, उरलेले केस विंचरले, आणि पदर नसतानाही पदर खोचल्यासारखी कामाला लागली.

वरचा उजवा कोपरा सोपा निघाला. दोन शब्द आखूड केले, एक नवा घातला, झालं. खालच्या डाव्या कोपऱ्यानं मात्र तिच्या नाकीनऊ आणले. तिथं 'पाऊलवाट' होती. शेवटच्या 'ट'वर मांडणीदादांचं काळं घर बसल्यावर उरलं 'पाऊलवा'. आता पाऊलवा म्हणजे काय, डोंबल? 'पा' हलवता येत नव्हता, तो वरून उतरणाऱ्या 'उपाय'मधला होता, आणि त्या 'उपाय'वर अख्खा कोपरा टांगलेला. तिनं 'पावसाळा' बसवून पाहिला, खालून दोन शब्द निखळले. 'पाणवठा' आणला, तर त्या 'ठा'वरून खाली जाणारा शब्द सापडेना. 'पारिजात' किती गोड, त्यानं तर शेजारचे शब्दच उधळून लावले. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. ठिपकीला बालवाडीत सोडून आली, भाजी फोडणीला टाकली, ती करपली. नवरा कामावरून आला, त्यानं करपलेली भाजी खाल्ली आणि ताट स्वतः घासून ठेवलं, यावरून त्यालाही प्रकरण कळलंय हे दिसत होतं.

"आई," तिनं शेवटी सासूबाईंना हाक मारली, "पा पासून सुरू होणारा चार अक्षरी..."

सासूबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "अजिबात सांगू नकोस! रविवारचं कोडं आधी ऐकणं म्हणजे परीक्षेचा पेपर फोडणं. मी आजवर कुणाचं एक उत्तर विचारलं नाही."

"अहो आई, माझं हे काम हातचं जाईल!"

"जाऊ देत. माझा रविवार जायला नको." आणि लगेच कानांवरचा एक हात जरासा सैल करून त्या म्हणाल्या, "पोरीला मी आणीन बालवाडीतून. जेवायला वाढीन. तू त्या खुर्चीतून उठलीस तर बघ."

सासूबाईंचं हे असं होतं. रविवारचं कोडं त्या पेनानं सोडवत, पेन्सिलीनं नाही. खोडरबर हे भित्र्यांचं हत्यार आहे, असं त्यांचं मत होतं.

दुपार कलली आणि एकदम सगळं जुळलं. 'शनिवार' उभा बसला, 'कपट' बसलं, 'कातर' बसली, वरचा 'उपाय' जागच्या जागी राहिला. कोपरा तुळतुळीत बंद झाला. तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग तिनं आडवा शब्द वाचला.

पा. नि. प. त.

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

तिनं 'कपट' काढून पाहिलं. पा, नि, कोरं घर, त. मधल्या घरात अख्खी बाराखडी घालून पाहिली. पानिगत, पानिमत, पानिसत. भाषेनं काही ऐकलं नाही. मास्तर म्हणाले होते तसंच झालं होतं, ती कोपऱ्यात अडकली होती आणि तिथंच जाऊन पडली होती.

तिनं मास्तरांना फोन लावला. कुणी उचलला नाही. मग पुरवणीताईंना लावला. पुरवणीताई म्हणजे पुरवणीच्या संपादक, चार फोनांवर एकदम बोलणाऱ्या.

"अगं, त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ," पुरवणीताई म्हणाल्या. "मी मध्ये पडणार नाही बाई. तू कोडं पाठव. ते रविवारी बघतील, सगळ्या वाचकांसारखं. मग जे होईल ते होईल."

"आणि तो शब्द आहे म्हणून त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर मांडणीदादा आठवडाभर रडेल आणि मी दुसरं माणूस शोधेन. सूत्रं पाठव लवकर."

आता तिच्या हातात उरलं होतं फक्त सूत्र. शब्द तोच राहणार होता, पण त्याच्याकडं जायची वाट तिला नवी पाडता येणार होती. जांभई देत भरता येऊ नये, अशी.

ती सासूबाईंच्या पुस्तकांच्या कपाटापुढं जाऊन बसली. त्या कपाटात ही लढाई किती ठिकाणी लढली गेली होती! कवितांत, नाटकांत, जाडजूड कादंबऱ्यांत, मुलांच्या इतिहासाच्या चित्रमय पुस्तकात. रद्दीतल्या वर्तमानपत्रांत तर रोजच. निवडणुकीत याचं पानिपत, सामन्यात त्याचं पानिपत. घरातही काही कमी नव्हतं. दूध उतू गेलं की सासूबाई म्हणत, झालं पानिपत. पोरीनं कपाटातले कपडे ओढले की बाबा म्हणत, पानिपत करून ठेवलंय. ती पानं उलटत गेली. थंडी, उपासमार, माघारी न आलेले घोडे. घरी वाट बघत राहिलेल्या बाया, ज्यांना कुणी नीट काही सांगितलंच नाही. एका जुन्या कवितेत एक बाई दाराशी उभीच आहे, उभीच आहे, आणि कविता संपते. ठिपकीच्या आईनं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. दारुण पराभव! एवढ्या सगळ्याला दोन शब्द. मास्तरांचा राग तिला तेव्हा कुठं कळला.

पण कळून काय उपयोग? सूत्र काही सुचेना. बाहेर ऊन पायऱ्यांवरून उतरायला लागलं.

इतक्यात दार उघडलं आणि जेवणानंतर खाली खेळायला गेलेली ठिपकी सासूबाईंच्या मागून लंगडत आत आली. खरं तर गुडघा बरा झाला होता, पण तिला लंगडणं सोडवत नव्हतं. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजोबांना तिनं गाठलं असावं, कारण तिचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

"आणि मग माझा बूट निघाला. आणि तो तिकडं उडाला. आणि मी अशी पडले, धप्प! आणि रक्त आलं. एवढं!" तिनं दोन्ही हात पसरले. "आणि मी रडले नाही. म्हणजे थोडीच रडले. आणि मी उठून एका बुटानं पळाले."

"पुरे की आता," सासूबाई म्हणाल्या. "जिन्यातल्या दिव्यालासुद्धा पाठ झाली असेल तुझी गोष्ट. काल तर रक्त आलं नव्हतं, नुसतं खरचटलं होतं."

"काल मी विसरले होते सांगायला."

आई कपाटापाशी बसल्या बसल्या हसली आणि सहज विचारून गेली, "आणि पहिली आली ती काय सांगते गं शर्यतीबद्दल?"

ठिपकीनं कपाळाला आठ्या घातल्या. तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

"ती? ती काहीच सांगत नाही. तिला आठवत पण नाही. मी तिला आज म्हटलं, तू पहिली आली होतीस ना, तर ती म्हणाली, कशात?"

आईचा हात पुस्तकावरच थांबला.

तिनं वर पाहिलं. कपाटातल्या त्या सगळ्या कविता, ती नाटकं, त्या कादंबऱ्या. सगळी पडलेल्यांच्या घरातली. पुन्हा पुन्हा सांगितलेली, दर वेळी थोडी वाढवलेली, गुडघ्यावरच्या पट्टीसारखी जपलेली. आणि ज्यांनी ती लढाई जिंकली, त्यांच्याबद्दल त्या अख्ख्या कपाटात कुणी दोन ओळींच्या वर लिहिलं नव्हतं.

ती उठली. ठिपकीचा असा काही मुका घेतला की पोर ओरडलं, "आई, गुडघा!" टेबलाशी जाऊन तिनं एका झटक्यात ओळ लिहिली. एक शब्द खोडला, परत लिहिला, आणि पाठवून दिली.

*जिंकणारे विसरून गेले. हरणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं, असं नाव (४)*

रविवारी सकाळी सासूबाईंनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि टेबल ताब्यात घेतलं. अशा वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नसे. ठिपकीचे बाबा मोठी सुट्टी असल्यासारखे जमिनीवर आडवे पसरले होते आणि ठिपकी त्यांच्या पोटावर बसून त्यांच्या शर्टाची बटणं मोजत होती. आई ओट्याशी उगाच तेच भांडं तिसऱ्यांदा विसळत होती. तिचे कान मागे होते.

पेन चालत होतं. चालत होतं. थांबलं. पुढं गेलं, पान उलटलं, परत मागं आलं.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

आई भांडं हातात घेऊनच वळली. "चुकलंय का काही?"

"गप्प." मग त्यांनी एकेक घर सावकाश भरलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि पेन खाली ठेवलं. हे कधी होत नसे. कोडं पुरं झाल्याशिवाय त्या पेन ठेवत नसत.

"किती वर्षं भरतेय मी हा शब्द," त्या म्हणाल्या. "लिहिते आणि पुढं जाते. आज लिहिताना हात थबकला बघ." चष्मा काढून त्यांनी उगाच पुन्हा पुसला. आणि मग भानावर येऊन ओरडल्या, "अगं पण मेले! हाच तर तुझ्या मास्तरांनी घालू नको म्हणून बजावलेला शब्द ना?"

"हाच."

"मग? आता?"

'आता'ला उत्तर द्यायची गरज पडली नाही. फोन वाजला. बाबांनी पोटावरची ठिपकी अलगद बाजूला ठेवली आणि उठून बसले. आईनं ओले हात कपड्यांना पुसले.

"तुझं 'उपाय' चुकलंय," पलीकडून मास्तर. ना नमस्कार, ना चमत्कार.

"नाही, मास्तर. बरोबर आहे."

"मग 'शनिवार' चुकला असेल."

"तोही बरोबर आहे."

"'कातर'?"

"'कातर'ही."

"असं कसं होईल? सकाळपासून बसलोय. बाकी कोडं सुरेख आहे, अख्खं भरलं. हा एक कोपरा राहिलाय. पा, नि, मग रिकामं, मग त. दोनदा खोडलं मी. कागद फाटायला आला. असा शब्दच नाही आपल्या भाषेत!"

तिला हसू फुटत होतं. सासूबाई कान लावून अगदी तिच्या खांद्याला चिकटून उभ्या होत्या.

"मास्तर," ती म्हणाली, "सूत्र वाचा ना परत. मोठ्यानं."

कागदाची सळसळ झाली. मास्तरांचा आवाज आला, जरा चिडलेला, जरा थकलेला. "जिंकणारे विसरून गेले. हरणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या... जपलं..."

आणि आवाज थांबला.

मग पलीकडं काहीतरी खळखळायला लागलं. मास्तर हसत होते. वर्षानुवर्षांत त्यांना असं हसताना कुणी ऐकलं नसेल, ठसका लागेपर्यंत, कुणीतरी पाणी आणून देईपर्यंत.

"अगं," ते म्हणाले, "समोर उभा होता की गं! दाराशी उभा होता. मीच दाराला आतून कडी लावून बसलो होतो, येणार कसा? तू घालणारच नाहीस असं मीच ठरवलेलं!"

"मी तुमचा नियम मोडला, मास्तर. मुद्दाम नाही मोडला, पण मोडला. पोरीनं एक घर काळं केलं आणि..."

"ते सगळं मांडणीवाल्यानं रडून सांगितलं, आत्ता तुझ्या आधीच मी त्याला फोन करून झापत होतो, जाळीत काहीतरी घोळ आहे म्हणून. शब्द मात्र त्यानं सांगितला नाही हो. इमानी माणूस." ते पुन्हा एकदा हसले. मग घसा खाकरला. "ऐक. मी म्हटलं होतं, फट बुजवायची चिंधी नको. तू चिंधीचं निशाण केलंस. नियम मोडलास त्याची शिक्षा आहेच."

"काय शिक्षा?"

"दर रविवारी कोडं द्यायचं. कंटाळा आला तरी द्यायचं, पोर आजारी असलं तरी कसंही करून द्यायचं. जन्मभर लोकांना छळलं मी. आता मला छळणारं कुणीतरी हवं ना? ठेवतो. अजून एक उभा शब्द राहिलाय. सांगू नकोस!"

फोन बंद झाला आणि घरात जो काही दंगा उसळला! बाबांनी ठिपकीला खांद्यावर घेतलं आणि खोलीभर नाचले, ज्या घरात दुपारी टोपण बसल्याचा आवाज ऐकू येत असे त्याच घरात. सासूबाईंनी पेन तलवारीसारखं उंच धरलं. "माझी सून! रविवारची!" त्या खिडकीतून खालच्या आजोबांना ओरडून सांगायला गेल्या आणि आजोबांनी खालूनच विचारलं की आडवा शेवटचा चार अक्षरी काय आहे, तर त्यांनी धाडकन खिडकी लावून घेतली. पुरवणीताईंचा निरोप आला, पुढच्या रविवारपासून कोड्याखाली नाव छापायचं आहे, कुठलं छापू? ठिपकीच्या आईनं क्षणभर विचार केला आणि कळवलं, 'ठिपकीची आई' एवढंच छापा. अर्धं काम तिचंच आहे.

मग सगळं जरा निवलं. बाबा दमून बसले. आई खुर्चीत रेलली, पाय लांब केले, आणि दिवसाउजेडी, कुणापासून न चोरलेला, तिचा स्वतःचा असा एक पूर्ण श्वास घेतला. ठिपकी तिच्या मांडीवर चढली. छापलेल्या जाळीतलं आपलं काळं घर तिनं बोट ठेवून शोधलं, मग त्याच्या समोरचं मांडणीदादांचं शोधलं, आणि मग त्या चार घरांवर बोट फिरवलं.

"हे काय आहे?"

"एका लढाईचं नाव आहे. खूप जुनी लढाई. आपली माणसं हरली होती त्यात."

"पडली होती?"

"हो. पडली होती."

"बूट निघाला होता?"

"तसंच काहीतरी. आणि मग ती गोष्ट सगळ्यांनी सगळ्यांना सांगितली. त्यांच्या मुलांनी त्यांच्या मुलांना. अजून सांगतात."

ठिपकीनं मान डोलावली. हे तिला अगदी पटलं. पडल्यावर माणूस सांगणार नाही तर काय करणार? तिनं गुडघ्यावरची पट्टी एका बोटानं चाचपली, जागच्या जागी आहे ना बघितलं, आणि विचारात पडली. विचार करताना ती नेहमी तोंड जरासं उघडं ठेवत असे. आई तिच्या केसांत हनुवटी टेकवून बसली होती, जगातलं कुठलंही कोडं आता सुटेल अशा सुखात.

मग ठिपकीनं मान वळवून वर पाहिलं.

"आई, मग जिंकलेल्यांची आई त्यांना झोपताना कुठली गोष्ट सांगते?"